हात वर केला की थांबते म्हणे

नातीची दाढ सडली, गाल सुजला. पोरगा सिलतऱ्याच्या कारखान्यात ड्यूटीवर, सून तापानं पडलेली, म्हणून समता कॉलोनीतल्या दाताच्या दवाखान्यात तिले मीच घेऊन गेलो. डॉक्टरनं आधीच सांगतलं होतं, पोट्टीनं आज तोंड नाही उघडलं तर मोठ्या दवाखान्यात बेशुद्ध करून दाढ काढावी लागन. मोठ्या दवाखान्यात गेलेली माझी बायको परत आली नाही. तिथं पोट्टीले न्यायचंच नव्हतं मले. म्हणून रस्त्यातच तिले म्हटलं, सुई-बिई काही नाही, नुसतं पाहतात.

इथली नर्स स्टुलावर बसली, पोट्टीच्या डोळ्यासमोर येईल अशी. पाणी ओढायची नळी आधी तिच्या तळहाताले लावली, मंग माझ्या. लई गोड बोले. गोड बोलणाऱ्या नर्सा मी पाहिल्या आहेत. बायकोले रोज म्हणत, "दो दिन में घर, अम्मा." आणि तिनं मले विचारलं की मी बी तेच म्हणे.

"बेटा, हाथ उठाओगी तो मैं रुक जाऊँगी," नर्स म्हणाली.

थांबते कशाची, म्हटलं मनात. पोट्टी इथल्या शाळेमुळं हिंदीच बोलते, पण मराठी समजते; तिच्या कानात सांगतलं, "काही नाही झालं तरी हात वर कर. पाहू."

नळी तोंडात जाताच पोट्टीनं हात वर केला, नर्स थांबली. दुसऱ्यांदा बी थांबली. तिसऱ्यांदा माझ्याकडं पाहून म्हणे, "बाबूजी, आप सिखा रहे हो न? जाँच लो, जाँच लो."

मंग डॉक्टर जवळ आला, तशी नर्स म्हणाली, "अब सुई. चींटी जैसी काटेगी, मैं पाँच तक गिनूँगी."

"बाई, काहून सांगता तिले?" मी म्हटलं. पण पोट्टीनं तोंड मिटलंच होतं.

"आजोबा, आपने तो बोला था सुई नहीं है."

नर्सनं मुद्दाम माझी बाजू घेतली नाही, असं वाटलं मले. झाकून घेतलं असतं तर काय गेलं असतं तिचं? पोट्टी माझ्याकडंच पाहून राहिली होती.

"खोटं बोललो," मी म्हटलं. "तू आली नसती म्हणून."

तिनं नर्सले विचारलं, "पाँच पे निकल जाएगी?"

"पाँच पे बाहर."

"आजोबा, आप बाहर बैठो."

मी बाहेर बसलो. दार लावून घेतलं त्यांनी, तेही मले पटलं नाही. आतून मोजणं ऐकू आलं. तिनावर थांबलं. पोट्टीनं हात वर केला असन. मंग पुन्हा एकपासून सुरू झालं, आणि या वेळी नर्सच्या संगं पोट्टी बी मोजत होती.