अक्काचं गाणं आणि भाड्याची गाणी

ये गं बाई, जवळ ये. आधी कानातल्या त्या वायरी काढ. एक काढून भागत न्हाई, दोन्ही काढ. परवा फोनवर मी तुझ्या भावाच्या हळदीचं बोलायले होते आणि तू काय म्हणलीस, आठवतंय का? "आई, गाण्याचं काय टेन्शन घेतेस? फोनवर हजारो गाणी असतात. महिन्याला पैसे भरायचे, हवं ते वाजवायचं." आणि वर हसलीस. पुण्याला गेल्यापासून मी 'आय'ची 'आई' झाले, ते सोसलं. हे हसणं नाही सोसलं. म्हणून लिहायले. फोनवर सांगायला लागले की तू "नंतर करते गं" म्हणून ठेवतीस. लिहायला तरी तूच शिकवलंस मला, तू पहिलीत असताना, तुझ्याच पाटीवर. तर आता वाच.

तुझ्या भावाची हळद तोंडावर आली, आणि तुझ्या अप्पाला, गेलेल्या बापाला, हाक मारणारं गाणं आपल्या घरात राहिलं न्हाई. तुझ्या त्या हजारो गाण्यांत तेवढं एक न्हाई. मी बघून घेतलंय.

मेलेल्या माणसाला हाक कामून मारायची, असं तुझी पोरं विचारतील. तूच विसरलीस तर त्यांना कोण सांगणार? आपली माणसं मेंढरामागं फिरणारी. आता शेती हाय, कुणी साखर कारखान्यात लागलंय, पण तुझ्या आज्याच्या वेळेला दिवाळी झाली की कळप घेऊन निघायचे. कुणी परत यायचा, कुणी वाटेतच संपायचा, आणि जिथं संपला तिथंच त्याला माती. घरच्यांनी ती जागा बघितलेली पण नसायची. म्हणून आपल्यात हळद लागताना पहिली हाक बाहेर राहिलेल्यांना. घरच्या लेकीनं गाण्यात एकेकाचं नाव घ्यायचं. नाव आलं की मुसळाला बोटभर हळद. असे सगळे येऊन बसले, की मग नवरा-नवरीच्या अंगाला हळद लागायची. पुढं मामा, मावशी, काका, काकू, ज्याचं जे नातं त्या नात्यानं हाक. जित्यांची नावं घ्यायची गरज न्हाई, ती समोरच बसलेली असतात. नाव फक्त गेलेल्यांचं.

आणि ते नाव घ्यायचा मान लेकीचा. आम्ही सुना मागं झील धरायच्या. लेक पुढं म्हणणार, तिच्या शेवटच्या शब्दावर आम्ही सूर ओढणार. लगीन होऊन आले तेव्हापासून मी झीलच धरली. पुढचं गाणं कधी माझ्या तोंडात आलं न्हाई, आणि यावं असं वाटलं पण न्हाई. अक्का होती ना.

अक्का, तुझी आत्या, अप्पाची थोरली बहीण. नवरा गेल्यावर माहेरी परत आली आणि मग कुठं गेलीच न्हाई. आपल्या भावकीतली एक हळद अशी न्हाई जिच्यात अक्का बसली न्हाई. तिचा आवाज गोड होता असं मी म्हणणार न्हाई. रानात कळप वळवणाऱ्या माणसाचा आवाज होता तो. बांधापलीकडच्यानं वळून बघावं असा. आपला मुलूख कर्नाटकातला, कन्नड बोलणाऱ्या बायका पण आपल्या मांडवात येऊन बसायच्या. त्यांना म्हणायची, "तुमची भाषा यायली न्हाई म्हणून गप बसू नका गं अव्वा, नुसतं ओ ओ करा, देवाला कळतंय."

तुझ्या हळदीच्या आधी तुझे अप्पा गेले होते. त्या वर्षांत गावातली अर्धी माणसं हैदराबादला नाहीतर पुण्याला. अप्पा हैदराबादला बांधकामावर गेले, आणि परत आले ते टेम्पोत, गुंडाळलेले. पडले होते वरनं. मला तोंड बघू दिलं न्हाई, बघण्यासारखं न्हाई म्हणले. तुझ्या हळदीत सगळ्यांत शेवटी त्यांचं नाव आलं. अक्काचा आवाज फाटला. वाटलं, आता हिच्यानं व्हायचं न्हाई. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि तेच नाव परत घेतलं, चढ्या सुरात, जसं काय हैदराबादपर्यंत पोचवायचं हाय. मी झील धरली, कशी धरली मला ठाऊक न्हाई. तुझ्या भावानं हे सगळं आपल्या त्या मोठ्या भोंग्याच्या चायना मोबाईलमध्ये भरून ठेवलं.

पुढच्या उन्हाळ्यात अक्का गेली. तुझ्या भावानं नवा फोन घेतला आणि तो जुना माझ्याकडं आला, आत गाणी भरायचं नखाएवढं कार्ड. तूर निवडायला बसले की लावायची. मी माझ्या जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं न्हाई गं. उखाण्यात घेतलं असंल एखाद्या वेळेला, लाजत. अक्का घ्यायची, मी ऐकायची. वीज असो नसो, रेंज असो नसो, ते वाजायचं. कुणाला विचारायचं न्हाई, कुणाला पैसे द्यायचे न्हाईत. ते आपलं होतं.

तसं त्या कार्डात दुसरी गाणी पण होती. भालकीच्या स्टँडसमोर एक मोबाईलवाला बसायचा, कार्ड भरून द्यायचा. मराठी, कन्नड, हिंदी, काय पाहिजे ते. एकदा त्यानं माझं कार्ड मशीनीत लावलं आणि अक्काचा आवाज दुकानात फुटला. चहाला थांबलेली माणसं वळली.

"अव्वा, हे कोण गायलंय?"

"माझी नणंद."

"एक नंबर हाय की! ठेवून घेऊ का मशीनीत? लई लोक मागायलेत हळदीची गाणी."

न्हाई कसं म्हणायचं? हळदीचं गाणं मागितलं की द्यायचं, आपल्यात तेच चालत आलंय. एखादी सून चाल विचारायला आली तर अक्का भाकरी तव्यावर सोडून सांगत बसायची. मी म्हणलं, "ठेव बाबा, अक्काला बरं वाटंल." त्यानं त्या दिवशी माझ्याकडनं पैसे घेतले न्हाईत. मी खुशीत घरी आले.

मग ते गाणं गावोगाव निघालं. दुबलगुंडीला एका लग्नाला गेले होते, बस उशिरा मिळाली. मांडवाच्या तोंडाशी पोचले तर भोंग्यावर अक्का! मामाला हाक मारायली, मावशीला हाक मारायली. मला वाटलं, सुरुवात होऊन गेली, आपणच उशिरा आलो. डोळे भरून आले. तेवढंच एक बरं वाटलं न्हाई. मांडवात एक बाई गायला बसलेली नव्हती. सगळ्या नुसत्या हळद लावायल्या होत्या, आणि गाणं खांबाला टांगलेलं.

नंतर तू आलीस, बाळाला घेऊन. नवा फोन आणलास माझ्यासाठी. मी म्हणलं, जुना काय वाईट हाय? तू म्हणलीस, "आई, लोक हसतात त्या फोनला." कोण हसायलंय, मी विचारलं, तर तूच हसलीस. मग एक नंबर दाबून दाखवलास. आत एक बाई बोलती, हे दाबा ते दाबा, आणि गाणी वाजायला लागतात. महिन्याला बॅलन्समधनं पैसे आपोआप कटतात म्हणलीस. आणखी एक लावून दिलंस, मला फोन केला की समोरच्याला गाणं ऐकू येणारं. शेजारची म्हणाली, "काकू, तुमच्या फोनवर लई छान भजन वाजायलंय." मी माझाच फोन कानाला लावून बसले, भजन काय येईना. ती पोट धरून हसली. "तुम्हाला न्हाई हो काकू, आम्हाला ऐकू येतंय!" म्हणजे पैसे माझे आणि कान तुमचे. त्यावर आम्ही दोघी हसलो, खोटं कामून बोलू.

तू गेल्यावर मी जुना फोन काढला. भोंगा होता, कार्ड नव्हतं. तुला फोन लावला.

"ते कार्ड ना? बाळाचे फोटो मावत नव्हते आई, मी कॅमेऱ्यात घातलं. साफ करून घेतलं आधी."

"साफ म्हणजे?"

"म्हणजे पुसलं. गाणीच होती की त्याच्यात. तुला त्या नंबरवर सगळी मिळतात आता."

"अक्काचं होतं गं."

मग म्हणलीस, "भालकीच्या दुकानात असेल ना, घेऊन ये." मी पण तेच धरून बसले, भांडले न्हाई. त्या नंबरवर मात्र रोज शोधायले. त्या बाईला किती वेळा ओरडून सांगितलं, अक्काचं लाव, अक्काचं. ती म्हणायची, मुख्य मेनूसाठी शून्य दाबा. एक दिवस बॅलन्स संपला आणि तिनं तोंडच बंद केलं. भाडं थकलेल्या बिऱ्हाडाला बाहेर काढावं तसं गाण्यानं मला बाहेर काढलं. तुम्हाला ह्याच्यात सुख वाटतंय, वाटू दे. माझ्या घरातलं नेलं आणि भाड्यानं मिळतंय म्हणून नंबर दिला, ह्याला मी काय म्हणू?

तुझ्या भावाचं लगीन ठरलं तशी भालकीला गेले. मोबाईलवाल्यानं ओळखलं.

"या अव्वा! तुमचं गाणं अजून चालायलंय. उदगीरपर्यंत गेलंय." त्यानं लावलं.

मामाची हळद. मावशीची हळद.

"सुरुवातीपासनं लाव की बाबा."

"हीच सुरुवात हाय."

"न्हाई. आधी नावं हायत."

तो मान खाली घालून मशीनीशी उगंच खेळायला लागला. "ती कापली अव्वा. बुरा मानू नका. लोक म्हणायचे, आमच्या लग्नात दुसऱ्याचे मेलेले कामून? गिऱ्हाईक परत कार्ड घेऊन यायलं. म्हणून मामापासनं ठेवलं."

"कापलेला तुकडा कुठाय?"

"तो कशाला ठेवू अव्वा?"

त्याच्यावर मला राग धरता आला न्हाई. त्यानं निदान मोकळं सांगितलं. मी स्टँडवर येऊन बसले. आपल्या गावची बस आली, गेली, मी बसलेलीच. म्हणजे दुबलगुंडीला मला उशीर झाला नव्हता. तिथं सुरुवात नव्हतीच. सासू-सासऱ्यांना, तुझ्या अप्पाला मांडवाबाहेर ठेवून अक्का उदगीरपर्यंत लोकांच्या मामा-मावश्यांना हाक मारत हिंडायली होती. त्याच स्टँडवर अप्पाला मी हैदराबादच्या गाडीत बसवलं होतं.

दुसऱ्या कुणाला गायला बोलवावं, तर भावकीतल्या म्हाताऱ्या सरल्या, आणि ज्या राहिल्या त्या म्हणतात, "आता कोण गातंय बाई, भोंगा लावा." तुझ्या भावानं डीजेवाला सांगून ठेवलाय. मी त्या माणसाला म्हणलं, हळदीच्या वेळेला थोडा वेळ बंद ठेव. तो म्हणाला, "ठेवतो की मावशी, पण तेवढ्या वेळात करणार काय?"

म्हणून तुला सांगायले. आता ह्या घरची लेक तू एकटी राहिलीस. झील माझ्याकडं सगळी हाय, एक सूर इकडचा तिकडं झालेला न्हाई. मी झील म्हणेन, तू तिच्या आधीचं शोधायचं. शब्द चुकले तर मी सांगेन, अडले तर दोघी मिळून जुळवू. बापाचं नाव माझ्या तोंडातून निघत न्हाई, तुला कुणी अडवलं न्हाई. शाळेत हजेरीला रोज तुझ्या नावापुढं लावत होतीस. तुझा आवाज बरा न्हाई म्हणशील, तर अक्काचा कुठं बरा होता?

हळदीच्या दिवशी गाडीतनं उतरून फोटो काढायला येऊ नकोस. तेवढ्यासाठी येणार असशील तर राहू दे, गाणी लावायला डीजेवाला हाय. आधी ये, राहायला ये, बाळाला पण आण. मेथीची भाजी झालीय परसात, आणि खवा आणून ठेवते. भालकीला उतर, मी स्टँडवर असते. लवकर ये गं बाई.