परभणीच्या थंडीत आमची झाडं

आमच्या परभणीच्या कॉलनीत आठ घरं, आठ अंगणं. दिवाळी सरून गार वारं सुटलं की सगळ्यांचा विषय एकच, "तुमच्या झाडाचं काय?" मी शाळेत शिकवते, असल्या गोष्टी लक्षात ठेवायला वेळ नसतो. पण एक आठवली की मागून चार येतात!

* * *

मागच्या हिवाळ्याची सुरुवात माझ्यापासूनच झाली. मी हौसेनं लावलेल्या पपईला प्लास्टिक गुंडाळलं, दोरी आवळली आणि शाळेच्या गडबडीत साफ विसरले. रविवारी दुपारी सोडलं, तर आतून वाफ आली! पानं उकडलेल्या मेथीसारखी.

कामाला येणाऱ्या गयाबाई बघतच राहिल्या. म्हणाल्या, "म्याडम, गारठू नये म्हणून शिजवलं व्हय?"

* * *

शेजारचे कुलकर्णी सर विज्ञानाचे, आता रिटायर. "प्लास्टिक नव्हे, बारदान!" म्हणत त्यांनी लिंबाला पोती बांधली, बुडाशी पाचोळा पसरला. आठवड्यानं पोतं उचकलं, तर आतून फुस्सऽऽ! सर चप्पल तिथंच टाकून माझ्या ओट्यावर. "साप! साप!"

काठीनं पोतं बाजूला केलं. मांजर! आणि चार पिल्लं!

सर घाम पुसत म्हणाले, "मी लिंबाची सोय केलती. हिनं बाळंतपण उरकलं!"

* * *

जाधव क्लार्कांनी पहाटे आंब्याखाली ओला पाला पेटवला, धुरानं ऊब राहते म्हणून. समोरच्या काकू "आग! आग!" ओरडत धावल्या आणि गार पाण्याची बादली थेट जाधवांच्या अंगावर!

"काकू... मी झाडाला... ऊब..." त्यांचे दात वाजत होते.

"मग तुमी काहून थरथरायलाव?"

* * *

मोरेवहिनींनी कढीपत्त्याला सासऱ्यांचा जुना कोट आणि माकडटोपी घातली. त्या दिवशी धुकं होतं, दूधवाला नवा, पोखर्णीचा. तो फाटकातून तक्रार करायला लागला, "वहिनी, तुमचे आजोबा लय कडक हायत. तीनदा राम राम केला, बोलंनात!"

वहिनी म्हणाल्या, "त्यांना जाऊन दोन वर्षं झाली की."

दुधाची कॅन फाटकाशीच राहिली. दूधवाला गाडीवर!

* * *

कदम काका एसटीचे ड्रायव्हर होते. शेजारच्या देशमुख काकांनी तीन वर्षांपूर्वी सामाईक भिंतीला लागून आंब्याचं कलम लावलं. "मुळं माजी भिंत फोडणार!" म्हणून कदम काका भांडले, आणि तेव्हापासून बोलणं बंद. "मरू दे ते झाड!" असं कदम काका येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे.

जानेवारीत देशमुख काकांना हार्ट अटॅक आला. देशमुख काकूंनी त्यांना नांदेडला हलवलं. घराला कुलूप लागलं आणि त्याच आठवड्यात कडाक्याची थंडी पडली.

सकाळी शाळेला निघाले, तर कदम काका भिंत ओलांडून देशमुखांच्या अंगणात. हातात विळा!

"काका! थांबा!" मी ओरडतच धावले.

ते दचकले. विळ्यानं ते पोतं फाडत होते. कलमाच्या बुडाशी नुकतंच घातलेलं पाणी होतं, चहूबाजूंनी चार काठ्या रोवलेल्या, आणि काठ्यांवर त्यांची स्वतःची घोंगडी!

मी म्हणाले, "काका, हे मरू दे म्हणून तुमीच तर..."

कदम काकांनी सुतळीची गाठ आवळली. माझ्याकडं न बघताच म्हणाले, "त्यो नीट घरी येऊ द्या. हेच मेलं, तर मी भांडू कशावरून?"