उद्घाटनाची वायर

१९ जानेवारी, रविवार. भाचीच्या वसतिगृहातल्या सोलर दिव्याची पेटी उघडायची होती. पिशवीत मीटर आणि स्क्रूड्रायव्हर टाकले, नांदेडचं इन्व्हर्टर-दुरुस्तीचं दुकान बंद ठेवलं आणि किनवटची गाडी पकडली.

भाची फोनवर म्हणाली होती, "आत्या, दिवा पहाटंच्या आधीच जातोय. अधीक्षिकाबाई म्हणतात, संध्याकाळी पाणी पिऊ नका, म्हंजी उठायचं कामच न्हाई."

संडास अंगणापलीकडे, पायऱ्या उतरून. त्या पायऱ्यांवर अंधारात पडून एका मुलीचं मनगट मोडलं होतं. त्यावर उपाय काय, तर सगळ्या पोरींनी तहान मारायची. माझं डोकं तिथेच फिरलं.

"बॅटरी लहान पडते, ताई," मी पोचताच शाळेचे मुख्याध्यापक म्हणाले. "मोठीचा प्रस्ताव पाठवलाय."

"मंजूर होईपर्यंत पोरींनी लघवी धरून बसायचं?"

मी पेटी उघडली आणि मीटर लावला.

बॅटरी ठणठणीत होती. घोळ होता रिलेच्या जोडणीत. रिले म्हणजे विजेवर चालणारं बटण. आतल्या गुंडाळीत वीज असेपर्यंत पट्टी ओढलेली राहते. इथे दिवा पेटता ठेवायला ती पट्टी रात्रभर ओढून धरावी लागत होती. एवढासा एलईडी दिवा; त्याला जेवढी वीज लागते, जवळपास तेवढीच ही गुंडाळी गिळत होती. मोठी बॅटरी आणली असती तर हिला आणखी खायला मिळालं असतं, एवढंच.

"पहिल्यापासून असंच होतं?" मी अधीक्षिकाबाईंना विचारलं.

"न्हाई हो. आधी अंधार पडला की आपोआप लागायचा. पण उद्घाटन भर दुपारी ठेवलं. साहेबांनी बटण दाबलं की दिवा लागायला पाहिजे ना! मग मिस्त्रीनं वायरी बदलल्या."

"आणि नंतर?"

"नंतर कोण बघून राहिलं? हार झाले, जेवणं झाली, गेले सगळे. तेव्हापासून रोज संध्याकाळी मीच बटण दाबते."

मी वायरीचा स्क्रू सैल करायला घेतला, तसे मुख्याध्यापक पुढे आले. "राहू द्या. उद्घाटन झालेली वस्तू आहे ती."

"म्हणूनच बिघडलीय. बाजूला व्हा."

गुंडाळीची वायर बॅटरीवरून काढून सोलर प्लेटवर घेतली आणि दिव्याची वायर पट्टी सुटल्यावर जुळणाऱ्या टोकाला लावली. आता पट्टी ओढून धरायचं काम दिवसा, उन्हाच्या जिवावर. ऊन गेलं की पट्टी सुटते आणि सुटलेल्या पट्टीवर दिवा लागतो. रात्री रिले बॅटरीतून काहीच घेत नाही. दहा मिनिटांचं काम. एवढ्यासाठी एका पोरीचं हाड मोडलं होतं.

दिवेलागणीला टक् झालं आणि पायऱ्या उजळल्या. जेवणाच्या वेळी मी स्वतः तांब्या घेऊन पंगतीत फिरले. मुख्याध्यापक जवळ आले.

"छान झालं, ताई. फक्त सव्वीस तारखेला पाहुणे आहेत. दुपारी. त्यांच्यापुरतं पहिल्यासारखं करता येईल का?"

तोंडावर आलेलं उत्तर दिलं असतं तर भाचीला तिथे राहणं जड गेलं असतं.

सकाळी उठले तेव्हा दिवा पेटलेलाच होता. ऊन प्लेटवर आलं, तसा विझला. मी गावातल्या दुकानातून दारावरच्या घंटीचं एक बटण आणि छोटा बल्ब आणला, उद्घाटनाच्या फलकाखाली ठोकला आणि बॅटरीला जोडला. बोट ठेवाल तेवढाच वेळ लागणारा. मुख्याध्यापकांना बोलावून दाखवलं, "पाहुण्यांनी हे दाबायचं." मग पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली घेऊन स्टेशनवर आले.