पूजेचं पाणी आणि अगेव्ह

अगेव्हचं पान नुसतं धरलं, तर अख्खं झाड हातात आलं. बुडाशी पिवळट चिखल आणि आंबूस वास.

"मॅडम, आप तो बोले थे, मरणार नाही," गोपूसेठ म्हणाले. उल्हासनगरात त्यांचं पडद्यांचं दुकान आहे.

बोलले होतेच. मी बदलापूरला नर्सरी चालवते, लोकांच्या बागा लावून देते. सेठना दुकानासमोर कमी पाण्याची झाडं हवी होती. म्हणून अगेव्हसारखे सक्युलंट्स दिले, म्हणजे जाड पानांत पाणी साठवणारी झाडं. लावली मुद्दाम दसऱ्यानंतर. पाऊस गेलेला असतो, माती अजून गरम असते, थंडीआधी मुळं धरतात. मातीत निम्मी जाड वाळू आणि विटांचे तुकडे. मरायला कारणच नव्हतं.

"छोडो. दिवाळीला प्लास्टिकची लावतो. टेन्शन नाही."

टेन्शन मला होतं. अंबरनाथच्या त्यांच्या फॅक्टरीच्या कंपाउंडमधल्या बागेचं काम मला मिळणार की नाही, ते या वाफ्यावर ठरणार होतं.

"पाणी कोण घालतं?"

"कोई नहीं. सगळ्यांना दम दिलाय."

मी माती उकरली. गच्च ओली, आणि तिच्यात फुगलेले तांदळाचे दाणे.

"हे काय, सेठ?"

"वो तो पूजेचे. रोज सकाळी झूलेलालसमोर पाणी ठेवतो, थोडं दूध, तांदूळ. नंतर झाडाला. गटारात थोडीच टाकणार?"

"म्हणजे पाणी घालता."

"पाणी नहीं, मॅडम. पूजा है."

शेजारचे मोबाइल रिपेअरवाले सावंत ऐकत होते. "आम्ही पण इथेच टाकतो, ताई. सगळी लाइनच टाकते. आधी पार कोपऱ्यावरच्या पिंपळापर्यंत जावं लागायचं."

एका तांब्यानं काही बिघडलं नसतं. इथे अख्ख्या लाइनीचे देव रोज एकाच वाफ्यात रिकामे होत होते.

"बंद करायला सांगू?" सेठनी विचारलं. चेहरा असा, जणू मी देवच उचलून न्यायला सांगतेय.

"नको."

कुजलेली झाडं काढली. वाचलेल्यांची सडकी मुळं छाटून ती सावलीत सुकवली आणि कोरड्या मातीत पुन्हा लावली. पायरीशी मोठ्या कुंडीत कर्दळ ठेवली. कर्दळीला कितीही पाणी द्या, ती पिते.

"पूजा इथे. बाकीच्यांना हात लावायचा नाही."

"फुलं देवाला चालतील ना?" सावंतांनी विचारलं.

"न चालायला काय झालं?"

"मग लाल फुलांची लावायची होती, ताई. आमच्या देवाला लाल लागतं."

देवदिवाळीला कर्दळ पिवळी फुललेली होती. अगेव्ह होतं तसंच, ढिम्म. नव्या जागी त्यानं तेवढंच करायचं असतं. कंपाउंडचं काम मला मिळालं.

'पाणी घालता का' हे गिऱ्हाइकाला विचारण्यात अर्थ नाही. अंबरनाथला गेल्या गेल्या मी विचारलं, "सेठ, इथे देव कुठे कुठे बसवलेत?"

"ऑफिसमध्ये. वर्कशॉपमध्ये. कँटीनवाल्याचा अलग."

तीन कर्दळी लिहून घेतल्या. माती त्यानंतर तपासली.