समुपदेशन कक्षातली माझी चौकशी

विषय : नात पल्लवी ही कॉलेजच्या समुपदेशन कक्षात जाते, त्याबाबत.
संदर्भ : सौभाग्यवतींचा तोंडी आदेश.

उपरोक्त विषयी तुमच्यापासून आता काय लपवायचं! फजिती माझी आणि साक्षीदारही मीच.

पल्लवी जळगावला हॉस्टेलवर राहून शिकते. परवा फोनवर म्हणाली, "आबा, मला समुपदेशनाला जायचंय, नंतर बोलते." आणि फोन ठेवला. झालं! इकडे धुळ्यात आमच्या घरी हलकल्लोळ.

"काय व्हयनं पोरले?" बायकोने भाकरी तव्यावर तशीच सोडली.

"काही नाही. तिथे मन मोकळं करतात म्हणे."

"घरमा मानसं नही शेतस का? जा, लई या तिले!"

म्हणजे तिला घरी घेऊन यायचं की नाही, पोरीचं शिक्षण आता माझ्या चौकशीवर लटकलेलं.

मला संशय वेगळाच. सेवा चक्क मोफत! मी पंचायत समितीत कारकुनी केलेला माणूस. मोफत गोष्टीला किती कागद लागतात ते मला विचारा. आणि इथे? एसटीने जळगाव गाठून कॉलेजात पाहतो तर कक्षाबाहेर नर्सबाई, वजनकाटा, रक्तदाबाचं यंत्र. आत दोन खुर्च्या आणि एक पडदा. शिक्का नाही, आवक-जावक नाही, कारकूनसुद्धा नाही! कारकुनाशिवाय कार्यालय चालतं, हे तुम्हाला तरी पटतं का?

समुपदेशक मॅडम अगदीच तरुण. मी थेट विचारलं, "आमची नात इथे येऊन काय सांगते?"

"ते मी सांगू शकत नाही, आबा. बसा ना."

ठीक आहे. माझ्याकडेही हत्यार होतं. काउंटरवर जन्मभर मी एकच युक्ती वापरली. बोलायचं नाही, चष्म्यावरून नुसतं बघायचं. समोरचा अस्वस्थ होतो आणि न विचारलेलंही ओकून मोकळा होतो.

मी चष्मा खाली सरकवला आणि गप्प बसलो.

मॅडमही गप्प.

पंखा करकरत होता. मी खाकरलो. त्यांनी हळूच मान हलवली, जणू मी काही महत्त्वाचं सांगणारच होतो. बाई कसलेली निघाली! आणि अहो, मीच फुटलो!

"तसं विशेष नाही, मॅडम. मी तिला फक्त सकाळ, दुपार, संध्याकाळ फोन करतो."

"अच्छा."

त्या 'अच्छा'ने घात केला. जेवण काय होतं, मार्क का घसरले, खोलीतल्या मुलीचे वडील काय करतात, हे मी रोज विचारतो, ते सांगितलं. पोरगी खरं बोलते की नाही हे त्या मुलीला परस्पर फोन करून तपासतो, तेही सांगितलं. मग माझी छातीतली धडधड, मुलाचं माझ्याशी न बोलणं, रिटायर झाल्यापासून रिकामं वाटणारं घर... घड्याळ पाहिलं तर परतीची एसटी कधीच गेलेली!

नातीबद्दल मिळालेली माहिती शून्य. माझ्याबद्दल दिलेली, सविस्तर.

बाहेर पल्लवी उभी. मला पाहून तिचा चेहरा पडला. "आबा, मला घरी न्यायला आलात?"

"छे! तू जात जा इथे. बाई बऱ्या आहेत."

"पण तुम्ही इतका वेळ आत काय बोलत होतात?"

"ते मी सांगू शकत नाही," मी म्हणालो.

पोरगी अशी हसली की नर्सबाई डोकावल्या.

घरी अहवाल दिला : पोर ठणठणीत शे, शिक्षण चालू राहील, फोन दिवसातून एकदाच. खरी अडचण पुढेच. मला पुन्हा जावंसं वाटू लागलं. मॅडम म्हणाल्या, कक्ष फक्त विद्यार्थ्यांसाठी आहे. म्हणून आजोबांनाही बसू द्यावं, असा रीतसर अर्ज प्राचार्यांकडे केला आहे.

अर्ज अद्याप प्रलंबित आहे.