राहेलचं रडणं आणि डिंडोलीतला एक रविवार

१. ऑगस्टमध्ये माझ्या ताईचं बाळ गेलं. मुलगी होती.
२. डिसेंबरात तिच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पास्टरांनी ठरवलं की नाताळानंतरच्या रविवारी ताईने सगळ्यांपुढे साक्ष द्यावी: भविष्यवाणी माझ्यात पूर्ण झाली, आता मी रडत नाही.
३. ताई अजून रडते.
४. म्हणून मी सुरतला गेले.

नंदुरबारहून जाणार असाल तर सकाळची गाडी घ्या आणि डावीकडे बसा. बारडोलीच्या आसपास उसाने लादलेले ट्रॅक्टर दिसतात आणि मळीचा वास डब्यात शिरतो. ताई राहते त्या डिंडोलीला जायचं तर सुरतपर्यंत जाऊ नका, उधन्याला उतरा. बाहेर शेअर रिक्षा मिळतात.

दाजी न्यायला आले होते. ते सचिन औद्योगिक वसाहतीत कापड रंगवणाऱ्या एका डाइंग युनिटमध्ये आहेत. वाटेत त्यांनी पोंक घेतला, म्हणजे हुरडा. इथे तो शेव आणि साखरेच्या गोळ्यांबरोबर खातात. थंडीत आलात तर चुकवू नका. दाजी म्हणाले, "तुमचा ब्लॉग वाचतो मी. आमच्या सुरतेबद्दल चांगलं लिहा."

घरी ताई चहा ठेवता ठेवता रडत होती. दाजी म्हणाले, "पाहुणे आलेत, आता तरी बस कर."

शेजारच्या मावशी धुळ्याकडच्या. त्या दारातूनच बोलल्या, "तुमना देवले रडनं ऐकू येस ना? मंग रडू द्या तिले."

नाताळाआधीच्या त्या रविवारी उपासना होती, एका दुकानावरच्या हॉलमध्ये. भिंतीवर पॉलिस्टरवर छापलेला मोठा पडदा होता. डावीकडे संदेष्टे, उजवीकडे शुभवर्तमान, मध्ये बाण. मीखाचं बेथलेहेम, जखऱ्याचा गाढवावर बसून येणारा राजा, यशयाचा दुःख सोसणारा सेवक. प्रत्येक बाण येशूपाशी पोचलेला. हे मीही मानते. लहानपणापासून पाठ आहे.

एक बाण राहेलचा होता. यिर्मया संदेष्ट्याने लिहिलं की इस्राएलची पूर्वजा राहेल आपल्या लेकरांसाठी रडते आणि कुणाचं सांत्वन घेत नाही. येशूच्या जन्मानंतर हेरोद राजाने बेथलेहेमची बाळं मारली, ते लिहिताना शुभवर्तमानकार मत्तयला तेच शब्द आठवले. ते पूर्ण झाले, असं त्याने लिहिलं.

उपासनेनंतर पास्टर ताईला म्हणाले, "बेटा, यिर्मयाचं त्यापुढचं वचन पाठ कर. रडणं आवर, लेकरं परत येतील. पुढच्या रविवारी तेच बोलायचं."

मी म्हटलं, "ते पुढचं मत्तयने घेतलेलं नाही."

"म्हणजे?"

"त्याला ते माहीत असणारच. तरी तो रडण्यापाशी थांबला. बेथलेहेमच्या आयांना त्याने गप्प केलं नाही."

पास्टर हसले. "इंजिनियर मॅडम, वचनाला फूटपट्टी नका लावू."

सतरंज्या गुंडाळणारी माणसंही हसली. दाजीही हसले. ताई चपला शोधत होती.

स्वयंपाकघरात मी तिला विचारलं, "तुला बोलायचंय का?"

"नाही बोलले तर ह्यांची मान खाली जाईल."

"मी तुझं विचारतेय."

"मला मागच्या सतरंजीवर नुसतं बसायचंय गं. तिथे बसून रडले तर चालेल का, ते विचार ह्यांना."

मी विचारलं. दाजी म्हणाले, "बघू."

आता घरी आहे. दाजींनी बरोबर दिलेला पोंक डब्यातच आंबला, फेकला. माझं काम उपकरणं तपासण्याचं. नोंद जिथे थांबते तिथे आलेख थांबवायचा, पुढची रेघ अंदाजाने ओढायची नाही, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. लेकरं परत येतील, यावर माझाही विश्वास आहे. पण ते देवाने करायचं आहे. ताईच्या तोंडून आजच वदवून घ्यायचा हक्क पास्टरांना कुणी दिला, हे मला सापडलेलं नाही.

दाजी, तुम्ही हे वाचाल. ताईचं नाव साक्षीतून काढलं की नाही, ते शनिवारी संध्याकाळपर्यंत मला कळवा.