जळक्या गुळाचा वास

ती घटना आठवली की आजही सगळ्यात आधी वास आठवतो, जळक्या गुळाचा. पोलिसाच्या आठवणीत रक्त असावं, पाठलाग असावा, अशी वाचकांची अपेक्षा असते. या प्रकरणात फक्त एक म्हातारा होता, एक स्वयंपाकाची बाई होती आणि एक करपलेली कढई होती. तरीही मोठमोठ्या गुन्ह्यांपेक्षा हेच प्रकरण माझ्या मनातून जात नाही.

तेव्हा मी सातारा जिल्ह्यात, महामार्गालगतच्या एका ठाण्यात सहायक पोलीस निरीक्षक होतो. मुलांच्या शाळेसाठी बायको-मुलं सांगलीला, आणि मी क्वार्टरमध्ये एकटा. दिवसभर माणसांचा गराडा असायचा आणि संध्याकाळी कुलूप उघडलं की आत चिटपाखरू नाही. स्वयंपाक स्वतःच करायचो आणि ओट्याशी उभ्यानंच जेवायचो. एकट्यासाठी ताट मांडून बसायला लाज वाटायची. हे रडगाणं म्हणून सांगत नाही. तपासात त्याचा उपयोग झाला.

एका सकाळी सरकारी रुग्णालयातून खबर आली. जवळच्या गावातले एक निवृत्त सुभेदार बेशुद्धावस्थेत दाखल झाले होते. मधुमेहाचे जुने रुग्ण, साखर भलतीच वाढलेली. एवढ्यावर दवाखाना पोलिसांना कळवत नाही. पण शुद्धीवर येताच म्हातारा डॉक्टरांना म्हणाला होता, "माझ्या जेवनात साखर घालत्यात."

ठाणे अंमलदारानं स्टेशन डायरीला नोंद केली आणि जबाब घ्यायला मी स्वतः गेलो. सुभेदार उशीला टेकून ताठ बसले होते. पलटणीची सवय आजारपणातही सुटत नाही.

"कुणावर संशय आहे?"

"दुसरं कोन येतंय माझ्या घरात? सैपाकाची बाई. तेवढीच."

बायको वारल्यापासून त्या घरात पाऊल टाकणारं ते एकच माणूस होतं. मुलगा परदेशात. सुभेदारांचा हिशेब मात्र पक्का होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, भात-भाकरी कमी करा, चिकन खा, त्यात साखर नसते. म्हणून ते दोन्ही वेळा चिकनच खायचे. तरी साखर चढतच होती. वर खाल्ल्यावर जिभेवर गोडसर चव राहायची. मग साखर घालणारा हात दुसरा कुणाचा असणार?

मला हा तर्क बिनतोड वाटला. मांसात साखर नसते हे मलाही ठाऊक होतं, डॉक्टरांनाही. दुपारी मुलाचा परदेशातून फोन आला. "साहेब, त्या बाईला आधी आत घ्या, मग चौकशी करा." आवाजात काळजी होती, पण काळजी करायला तो एवढ्या लांब होता की तिचा नुसता हुकूम झाला होता.

बाईंना ठाण्यात बोलावलं. पन्नाशीच्या, काटक. महिला शिपाई शेजारी बसवली. गुन्हेगार माणूस पहिल्या प्रश्नाला बहुतेक वेळा फार लांब उत्तर देतो, असा माझा अनुभव. या बाईंनी मलाच प्रश्न विचारला.

"सायेब, सुभेदार जगत्यात का?"

"जगतील. मावशी, जेवणात काय घालत होता?"

"तिखट-मीठबी घालत न्हवते. पाकिटातल्या चिकनला मसाला लावूनच येतोय. मी नुसतं कढईत टाकायची."

"साखर?"

"त्या घरात साखरंचा डबा मालकीन गेल्यापास्नं उपडा पडलाय. जाऊन बघा."

"मग गोड कसं लागतं? तुम्ही चव घेतली असेल की."

"दुसऱ्याच्या घरचं मी चाखत न्हाई," बाई फाडकन म्हणाल्या. "ज्याचं हाय त्यानं खायच्या आधी मी कवाच तोंड लावलं न्हाई." मग आवाज खाली आला. "त्यांना करून वाढायची आन बसायची. त्यांच्यासंगं बोलाय कोन हुतं? आन त्यांनीच माझं नाव घेतलं व्हय?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्या रडल्या नाहीत. उठता उठता महिला शिपायाला म्हणाल्या, "ती कढई घासून घासून माझं हात गेलं. रोज करपतीया. तरी सुभेदार मलाच बोलायचं, तुझं ध्यान न्हाई म्हनून."

दुसऱ्या दिवशीही त्यांना यावं लागलं. तेवढ्यात गावात बोभाटा झाला. आणखी दोन घरी त्या चपात्या करायला जायच्या. त्या घरांनी "सध्या नको" असा निरोप धाडला. गुन्हा अजून दाखल नव्हता, पण गावानं निकाल देऊन टाकला होता.

कढईची गोष्ट माझ्या डोक्यातून जाईना. ओट्याशी रोज उभं राहणाऱ्या माणसाला कळतं, चिकन पाणी सोडतं, तेल सोडतं, पण लक्ष असताना रोज करपत नाही. पंच घेऊन सुभेदारांच्या स्वयंपाकघराचा पंचनामा केला. साखरेचा डबा खरंच उपडा होता, त्यावर कोळ्याचं जाळं. कढईच्या बुडाला काळं चिकट कीटण होतं. फ्रीजमध्ये चिकनची पाकिटं, लाल मसाल्यात घोळलेली, एका माणसाला पुरतील एवढी. हायवेवरच्या नव्या सुपरमार्केटातली. पाकिटावर वजन, किंमत, तारीख. आत काय आहे, याबद्दल अवाक्षर नाही.

ती पाकिटं मुद्देमाल म्हणून जप्त केली. मुद्देमाल शिजवून बघता येत नाही, म्हणून साध्या कपड्यांत जाऊन तसंच एक पाकीट विकत आणलं आणि क्वार्टरच्या गॅसवर चढवलं. वरून काहीही घातलं नाही. आधी भरपूर पाणी सुटलं, पांढरट फेस आला. पाणी आटलं तशा तुकड्यांच्या कडा चकाकायला लागल्या, मग तपकिरी, मग काळ्या. आणि वास आला.

माझं लहानपण गुऱ्हाळावर गेलंय. काहिलीच्या काठाला रस लागला की जो वास सुटतो, तोच. तिखटाखाली लपलेली साखर आचेवर बोलायला लागली होती. मी एक तुकडा तोंडात टाकला. आधी झणझणीत, आणि मागून हळूच गोड. त्या रिकाम्या घरात मी मोठ्यानं म्हणालो, "मावशी, खरं बोलताय तुम्ही." ऐकायला कुणीच नव्हतं.

पुढचं काम अन्न व औषध प्रशासनाचं. त्यांच्या अधिकाऱ्याला घेऊन सुपरमार्केटात गेलो. मालाच्या खोलीत मसाल्याच्या गोणी होत्या, त्यांवर घटकांची यादी होती. साखर, मक्याचं पीठ, साखरेसारखीच रक्तात उतरणारी पिठूळ पूड, मांसात पाणी धरून ठेवणारे क्षार. ही यादी गिऱ्हाइकापर्यंत कधी पोचतच नव्हती. व्यवस्थापक तरुण होता, घाबरला नव्हता.

"सर, लोकांना मऊ आणि चकचकीत लागतं. थोडी साखर आहे, विष नाही."

"कुणाला काय विष आहे, ते खाणाऱ्याला ठरवू दे की," मी म्हणालो. "त्यासाठी आधी त्याला सांगावं लागतं."

नमुने तपासणीला गेले, अहवालात सगळं निघालं आणि त्या खात्यानं कारवाई केली. डॉक्टरांनी एक गोष्ट स्पष्ट केली. एखाद्या पाकिटानं माणूस आडवा होत नाही. पण सुभेदार दोन्ही वेळा तेच खात होते, आणि भाकरी खाल्ली नाही त्या दिवशी गोळी कशाला, म्हणून गोळीही टाळत होते. समजुतीनंच त्यांचा घात केला होता.

ते घरी आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी उपड्या डब्याकडं बघितलं.

"म्हंजी ती खरं बोलत हुती."

"हो. पण सुभेदार, गावात मटण मिळत असताना ही पाकिटं कशाला?"

"सायेब, एकट्या मानसाला कसला वाटा?"

त्या गावात रविवारी चौकात बकरं पडतं आणि त्याचे सारखे वाटे घालतात. कुणाला कुठला वाटा, यावरून तंटा नको म्हणून एक जण पाठ करून उभा राहतो. बकरं कापणारे मुलाणीचाचा एकेका वाट्यावर हात ठेवून विचारतात, "ह्यो कुनाचा?" आणि पाठमोरा माणूस एक नाव घेतो. कैक वर्षं तो माणूस म्हणजे सुभेदार. बायको गेली, वाटा एकट्याला संपेना, मग त्यांनी वाटाही सोडला आणि चौकही. पाकीट एका माणसापुरतं मिळतं आणि तिथं कुणी काही विचारत नाही.

चाचांना हे सांगितलं तर ते कपाळाला हात लावून म्हणाले, "आवं, निम्मा केला आस्ता की. पाव केला आस्ता. तोंड उघडाय नको का मानसानं?"

सुभेदार माफी मागायला बाईंच्या दारात गेले, मला सोबत घेऊन. बाईंनी पाणी दिलं, ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "घरात माफी मागून काय करू? नाव चौकात गेलंय माझं."

आज मी सांगलीत राहतो. बायको वारली, मुलं पुण्यात. इमारतीखालीच सुपरमार्केट आहे. आता पाकिटावर घटक लिहिलेले असतात, चष्मा लावूनही धड वाचता येणार नाहीत एवढे बारीक. तरी मी वाचतो. नोकरीत मी माणसाच्या पोटात काय गेलं ते शोधायला शिकलो होतो. तो कुणाबरोबर जेवला, हे विचारायला या प्रकरणानं शिकवलं. आता मलाच ते विचारणारं कुणी नाही, आणि हे जेवताना रोज जाणवतं.

त्या माफीनंतरच्या रविवारी सुभेदारांनी मला चौकात बोलावलं होतं. वाटे मांडले होते. सुभेदार बऱ्याच काळानं पुन्हा पाठ करून उभे होते, छाती काढून. पिठाच्या गिरणीपाशी बाई डबा घेऊन थांबल्या होत्या. चाचांनीच त्यांना बोलावणं धाडलं होतं. वाट्याला बाईमाणूस येत नाही तिथं, आणि वाट्यावर नाव लागतं ते घरातल्या पुरुषाचं.

चाचांनी पहिल्या वाट्यावर हात ठेवला. "ह्यो कुनाचा?"

सुभेदारांनी बाईंचं नाव घेतलं. अमक्याची आई, तमक्याची बायको असं नाही. त्यांचं स्वतःचं नाव, खणखणीत, कवायतीच्या आवाजात.

या लेखात मी कुणाचंच नाव लिहिलेलं नाही, म्हणून तेही लिहीत नाही. पण त्या सकाळी ते सगळ्या चौकानं ऐकलं.